लाल ठिगळ कोणत्या काठावर

१

सभेच्या दिवशी सकाळी नर्सबाईंचा अख्खा वॉर्ड चोरीला गेला.

मी आयुष्यभर लिफ्ट चालवली आहे. खालीवर करण्यात मी जेवढं अंतर कापलं, तेवढ्यात एखादा माणूस चंद्रावर जाऊन, तिथं कंटाळून परत आला असता. त्यामुळे माझ्या गोष्टी लोक दोन मजले कमी करूनच ऐकतात. ही गोष्ट मात्र आहे तेवढीच सांगतो. हिच्यात पदरचं मीठ घालायला मला कुणी जागाच ठेवली नाही.

वॉर्ड म्हणजे कापडावरचा वॉर्ड. नाटकाच्या पडद्याएवढ्या जाड कापडावर आमच्या वस्तीचा नकाशा शिवलेला होता. मधून वाहणारा कालवा निळ्या पट्टीचा, रस्ते करडे, आज जिथं कचऱ्याचा डोंगर आहे तिथं हिरवी बाग, आणि ज्यात सगळ्यांचा जीव अडकला होता तो दवाखाना म्हणजे एक लालभडक चौकोनी ठिगळ. नर्सबाई नगरसेवकपदाच्या निवडणुकीला उभ्या होत्या. निवडून आल्या तर वस्ती कशी दिसेल, हे बाई संध्याकाळच्या सभेत लोकांना दाखवणार होत्या. गल्ल्यांची नावं तेवढी रंगवायची राहिली होती. ती सकाळी रंगवायची ठरली होती, आणि सकाळी कापडच जागेवर नव्हतं.

बाईंच्या प्रचाराचं ऑफिस म्हणजे बेकरीशेजारचा एक रिकामा गाळा. बाईंचा धाकटा भाऊ प्रचाराचं सगळं बघायचा. आदल्या संध्याकाळी त्यानेच कापडाची गुंडाळी आणून कोपऱ्यात उभी केली होती. सकाळी त्याने दार उघडलं तर कोपरा मोकळा. कुलूप शाबूत, किल्ली नेहमीच्या जागी, म्हणजे बेकरीतल्या खिळ्याला. त्या खिळ्याची माहिती वस्तीत मांजरांनासुद्धा होती.

मी पाव आणायला गेलो तेव्हा धाकटा फुटपाथवर उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता की हे हसऱ्यांचंच काम. हसरे म्हणजे आमचे चालू नगरसेवक. त्यांच्या तोंडावरचं हसू कधी मावळत नाही. गटार तुंबलं तरी हसतात, तक्रार घेऊन गेलात तरी हसतात, तुम्ही रडलात तर थोडं जास्त हसतात.

मी पाव तिथंच ठेवले आणि वहिनींना बोलवायला धावलो. धावलो म्हणजे माझ्या वयाचा माणूस धावतो तसा.

२

माझ्या थोरल्या भावाची बायको, ती ही वहिनी. भाऊ गेल्यापासून आम्ही दोघं एका घरात राहतो आणि एकमेकांच्या चुका काढतो. वहिनींनी अख्खी नोकरी बस डेपोत केली, हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर. तिथला त्यांचा एकच नियम होता. वस्तू दाखवायची नाही, आधी वर्णन विचारायचं. काळी छत्री म्हणून सगळेच सांगतात. जिची असते तिलाच ठाऊक असतं की तिसरी काडी वाकडी आहे. लोक वस्तूचं वर्णन करता करता स्वतःचंच करून जातात, असं त्या म्हणायच्या.

आम्ही गाळ्यात पोचलो तेव्हा नर्सबाई खुर्चीवर बसून चपलेचा तुटलेला अंगठा पायाच्याच बोटांनी धरून ठेवत होत्या. प्रचारात चालून चालून ही तिसरी जोडी गेली होती. बाईंनी आयुष्यभर बाळंतपणं केली. इथल्या निम्म्या मतदारांना त्यांनी जन्मल्या जन्मल्या पायाला धरून उलटं टांगलं आहे आणि पाठीत थापट्या मारल्या आहेत. मला नेहमी वाटतं, काहींचा राग अजून त्यावरूनच असावा.

दवाखाना त्यांना का हवा होता, हे मात्र सगळ्यांना माहीत होतं. आहे तो दवाखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला, बस वेळेवर नाही, आणि एकीचं मूल बसच्या मागच्या सीटवर, बाईंच्या हातांत, रडलंच नाही. ते मूल त्यांच्या स्वतःच्या भाचीचं होतं. त्यानंतर वर्षभरात त्या उमेदवार झाल्या.

आता वस्ती कशी आहे तेही सांगतो. बंद पडलेल्या गिरणीने कामगारांसाठी कालव्याच्या दोन्ही काठांना एकसारखी घरं बांधली. पुलावर उभं राहून गिरणीच्या धुराड्याकडे तोंड केलं की डाव्या हाताचा तो बेकरीचा काठ, उजव्या हाताचा गोदामाचा. दोन्ही काठ इतके सारखे, की पूर्वी नवरे चुकून समोरच्या काठावरच्या घरात जेवून यायचे, आणि भाजी आवडली तर दुसऱ्या दिवशीही चुकायचे. दवाखाना रिकाम्या गोदामात व्हायचा होता. बाई महिनोन्महिने हेच सांगत आल्या होत्या. साहजिकच गोदामाचा काठ त्यांच्या बाजूने होता आणि बेकरीचा काठ हसऱ्यांच्या.

“पण काल संध्याकाळपासून काहीतरी बिघडलंय, काकू,” बाई म्हणाल्या. “गोदामाच्या काठावर गेले, तर ज्यांनी मला घरचं माणूस म्हटलं त्यांनी दार लावून घेतलं. परत येताना बेकरीच्या काठावरचा एक जण, जो मला बघून थुंकायचा, तो हात जोडून हसला. मी दोन्हीकडे तेच बोलतेय, मीही तीच आहे. माझं डोकं फुटायची वेळ आली आहे.”

वहिनींनी विचारलं, नकाशा कसा होता. बाईंनी कपाळाला हात लावला. त्यांनी तो पाहिलाच नव्हता. कागदावर काढून दिला होता तेवढाच. ज्याचं काम त्याला शेवटच्या टाक्याआधी दाखवायचं नाही, असा टेलरमास्तरांचा कायदा होता, आणि काल शिवून झाला तेव्हा बाई प्रचारात होत्या.

“संध्याकाळपर्यंत शोधून द्या,” बाई म्हणाल्या. “नाहीतर धाकटा स्टेजवर उभा राहून हसऱ्यांना चोर म्हणणार. आणि खरं सांगू, मलाही म्हणावंसं वाटतंय.”

३

पहिला नंबर पाववाल्याचा. तो इतका खुशीत होता की त्याने आम्हाला न मागता चहा पाजला. माझ्या आठवणीत हे प्रथमच. किल्लीचं विचारलं तर म्हणाला, पहाटे भट्टीकडे तोंड असतं, खिळा पाठीमागे, कोण आलं कोण गेलं बघायला मागे डोळे नाहीत.

वहिनींनी नकाशाचं वर्णन करायला सांगितलं. त्याने डोळे मिटले आणि एखाद्या बाळाचं करावं तसं केलं. काल दुपारी मास्तरांनी दुकानाबाहेर भिंतीला लावला होता तेव्हा तो मुद्दाम बघायला गेला होता. वर धुराडं, मधून निळा कालवा, उजवीकडे हिरवी बाग, आणि डाव्या बाजूला लाल ठिगळ. डावी बाजू म्हणजे आपली, तो म्हणाला. बाईंना उशिरा का होईना शहाणपण सुचलं. हसऱ्यांचा फोटो त्याने गल्ल्यावरून उतरवला होता. भिंतीवर त्याचा पांढरा चौकोन अजून दिसत होता.

मी वहिनींकडे बघितलं. वहिनी चहाकडे बघत होत्या.

मग आम्ही पूल ओलांडून सायकलवाल्याकडे गेलो. तो चाकाची तार कसत होता. आम्हाला बघून त्याने ती इतकी कसली की तुटली. गोदामाच्या काठावर बाईंसाठी सगळ्यात जास्त वणवण त्याने केली होती. त्याचंही वर्णन तेच निघालं. डावीकडे लाल. त्याला राग हा, की महिनाभर घरोघर जाऊन त्याने दवाखाना गोदामात होणार म्हणून सांगितलं, आणि कापडावर तो समोरच्या काठाला गेला. काल संध्याकाळी तो मास्तरांच्या दुकानात जाऊन भांडून आला होता.

“मी म्हटलं, मास्तर, आमचा दवाखाना पळवलात तुम्ही.”

मास्तर काय म्हणाले, वहिनींनी विचारलं.

“काही नाही. नुसते बघत राहिले.” त्याने तुटलेली तार फेकून दिली. “मग मी आमच्या काठावर प्रत्येक दारात जाऊन सांगितलं. बाईंनी आम्हाला विकलं म्हणून.”

परत येताना पुलावर मी गोष्ट मिटवून टाकली. चोर सायकलवालाच. राग आहे, हातात जोर आहे, सायकलवर गुंडाळी बांधायची सोय आहे. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, तो माणूस रागाने ते कापड कालव्यात टाकेल, आणि टाकताना दहा लोकांना बोलावेल. चोरून नेणार नाही.”

तोवर मागून हाक आली. एक गाडी आमच्या शेजारी थांबली, काच खाली झाली, आणि आतून ते हसू बाहेर आलं.

४

हसऱ्यांनी आम्हाला गाडीत बसवलं. मला वाटलं आता आपल्यालाही पळवतात. पण ते काकुळतीला आले होते. वस्तीत सगळे त्यांच्याकडे चोर म्हणून बघत होते. आयुष्यात जे जे केलं त्याबद्दल कुणी कधी बोट दाखवलं नाही आणि जे केलंच नाही त्याबद्दल दाखवतात, हे त्यांना फार लागलं होतं.

वहिनींनी त्यांनाही वर्णन विचारलं. हसरे हात हलवत सांगू लागले. दोन उड्डाणपूल, पोहण्याचा तलाव, कालव्यात नावा. विमानतळ तेवढा राहिला होता. असल्या थापा मारून बाई मतं मागतात, असं त्यांचं म्हणणं. वहिनी गाडीतून उतरल्या आणि म्हणाल्या, या माणसाने ते कापड उलगडून कधी पाहिलेलंच नाही.

“न बघता चोरलं असेल,” मी म्हणालो.

“बघूनसुद्धा तो कामं करत नाही, न बघता चोरी कशाला करेल?”

गाळ्याबाहेर आता गर्दी होती. आजवर बाईंच्या सभेला चार खुर्च्या आणि त्यातल्या दोनवर आम्ही, असा प्रकार असायचा. आज चोरीची बातमी ऐकून दोन्ही काठांची माणसं चौकशीला येत होती. सायकलवाल्याच्या गल्लीतलेसुद्धा, थोडे शरमलेले. हसऱ्यांनी चोरला म्हणजे बाईंच्या नकाशात काहीतरी खरं असणार, असा लोकांचा हिशेब. धाकटा सगळ्यांना पाणी देत होता आणि त्याचा चेहरा चोरी झालेल्या माणसासारखा अजिबात दिसत नव्हता.

वहिनींनी त्याला आत बोलावलं. त्याने नकाशा धड पाहिला नव्हता. मास्तरांनी गुंडाळून दिला तसा उचलून आणला. सायकलवाल्याचं भांडण मात्र त्याच्या कानावर आलं होतं, रात्रीच. ताईला मुद्दाम सांगितलं नाही, तिला झोप लागली नसती.

मग तो वहिनींच्या जवळ सरकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, “काकू, एक विनंती आहे. तुम्ही शोधता आहात ते थांबवा. लटकवलेल्या नकाशापेक्षा हरवलेला नकाशा जास्त मतं आणतोय.”

माझ्या हातातला पाण्याचा पेला तसाच राहिला. चोर समोर उभा होता आणि आम्हालाच पाणी पाजत होता.

५

मी धाकट्याचंच नाव नक्की केलं होतं. पण वहिनींना अजून टेलरमास्तरांना भेटायचं होतं. ज्याने वस्तू बनवली त्याला न विचारता कसं चालेल, म्हणाल्या.

मास्तर म्हणजे आमच्या वस्तीतलं एक आश्चर्य. त्यांच्या हातून आजवर एकही कपडा बिघडला नव्हता. सदरा आखूड झाला तर तुमचे हात वाढले. पाठीत चुणी पडली तर तुम्ही पोक काढून चालता. एकदा एका गृहस्थांची पँट इतकी वाकडी झाली की मास्तरांनी त्यांना हाडांच्या डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टरही मास्तरांकडेच कपडे शिवायचे, त्यामुळे त्यांनीही दोष पायातच काढला.

दुकानात मास्तर इस्त्री करत होते. टेबलाशी चवड्यांवर उभे राहून, कोपर वर उचलून. वय झालं की माणूस खाली जातो हे मला लिफ्टमध्ये कळलं होतंच, पण मास्तर एका रात्रीत इतके बुटके कसे झाले याचं मला नवल वाटलं.

वहिनींनी हळहळ व्यक्त केली. मास्तर म्हणाले, व्हायचं ते झालं. कुणाचा संशय येतो विचारलं, तर म्हणाले, कुणाचाच नाही. धाकट्याने नीट सांभाळायला हवं होतं का, विचारलं. म्हणाले, त्याची काय चूक. पाववाल्याने किल्ली उघड्यावर ठेवायला नको होती का. म्हणाले, त्याची तरी काय चूक.

“मी तो पाहिलाच नाही हो,” वहिनी म्हणाल्या. “कसा होता, सांगा तरी.”

मास्तरांनी इस्त्री उभी ठेवली. हवेत बोट फिरवून त्यांनी अगदी बाईंच्या कागदाबरहुकूम सांगितलं. वर धुराडं, मधे कालवा, डावीकडे बाग, आणि उजवीकडे, गोदामाच्या काठाला, लाल ठिगळ.

वहिनींनी मान डोलावली, नमस्कार केला आणि बाहेर आल्या. रस्त्यावर मी म्हणालो, चला, एकाने तरी बरोबर सांगितलं.

“हो ना,” वहिनी म्हणाल्या. “नर्सबाईंना बोलवून आणा. चोर सापडला.”

६

बाई दुकानात आल्या तेव्हा त्यांच्या मागोमाग धाकटाही आला. वहिनी गिऱ्हाइकांच्या बाकावर बसल्या.

त्या मास्तरांना म्हणाल्या, की पाववाला आणि सायकलवाला एकमेकांचं तोंड बघत नाहीत. एकाला दवाखाना डावीकडे गेल्याचा आनंद आहे, दुसऱ्याला संताप आहे, पण दोघांनी कापडावर बघितलं ते एकच. म्हणजे कापडावर लाल ठिगळ डावीकडेच होतं. बागही डावीकडची उजवीकडे गेली होती. म्हणजे एक ठिगळ हललं नव्हतं, सगळी वस्तीच आरशात दिसावी तशी झाली होती. आणि दोन्ही काठ सारखे, नावं रंगवायची राहिलेली, त्यामुळे कुणाला ओळखू आलं नाही.

“ज्यांनी ते पाहिलं त्यांनी जसं होतं तसं सांगितलं. तुम्ही एकट्यानेच जसं असायला हवं होतं तसं सांगितलंत. खिडकीवर असे लोक मला भेटायचे, मास्तर. ज्यांना वस्तू परत नको असते ते.”

मास्तर टेबलाला आणखी चिकटून उभे राहिले.

“आणि दुसरं. तुमच्या हातची वस्तू हरवली आणि तुम्ही दोष कुणालाच देत नाही. मी या वस्तीत इतकी वर्षं आहे. एवढा मोठा माणूस अचानक इतका समजूतदार होत नाही. भाऊजी, ते इस्त्रीचं कांबळं उचला.”

मी कांबळं उचललं. त्याच्याखाली आणखी एक कांबळं, आणि त्याच्याखाली घडी घालून ठेवलेला आमचा वॉर्ड. मास्तर बुटके झाले नव्हते, टेबल उंच झालं होतं.

मग मास्तरांनी सांगितलं, तेही मान वर न करता. शिंप्याची खडूची खूण कापडाच्या सुलट अंगाला कधी होत नाही. सुलट बाजू खराब व्हायला नको म्हणून तो नेहमी उलट बाजूवर आखतो. जन्मभर हात तसाच चालला. बाईंचा कागद त्यांनी उलट बाजूवर ठेवून आखला, सुईने टोचून खुणा पलीकडे काढल्या, आणि सुलट बाजूने ठिगळं शिवली. कपड्याला डावी आणि उजवी अशा दोन्ही बाह्या असतात, त्यामुळे असल्या कामाने कधी काही बिघडत नाही. वस्तीला मात्र दवाखाना एकच असतो. सायकलवाला भांडून गेला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, पण तोवर धाकटा कापड घेऊन गेला होता. पहाटे भट्टी पेटलेली असताना त्यांनी किल्ली घेतली. उसवून पुन्हा लावायचा विचार होता. पण ठिगळं दुहेरी टाक्याची. उसवायला गेलं की कापडच फाटायला लागलं.

“मला एक दिवस हवा होता,” ते म्हणाले. “फक्त एक.”

नर्सबाई टेबलावर हात टेकून उभ्या होत्या. मला वाटलं त्या ओरडतील. त्यांना ओरडायचंही त्राण उरलं नव्हतं.

धाकटा म्हणाला, कांबळं परत टाका. त्याचं म्हणणं साधं होतं. बेकरीच्या काठाला वाटतंय दवाखाना आपला. गोदामाच्या काठाला हसऱ्यांचा संताप आलाय. दोन्ही काठ आज पहिल्यांदा ताईच्या बाजूने आहेत. मतदान चार दिवसांवर आहे. एवढे चार दिवस कुणी काही बोललं नाही तर ती निवडून येते, आणि निवडून आली तर दवाखाना होतो.

“सांगितलंस तर बेकरीचा काठ जाईल, ताई. नक्की जाईल. मग कुठलं गोदाम आणि कुठलं काय.”

 बाईंनी ती घडी उलगडायला घेतली. मी आणि वहिनींनी टोकं धरली. कापड मोठं, दुकान छोटं, त्यामुळे ते जमिनीवर पसरताना पालथं पडलं आणि आम्हाला दिसली ती उलट बाजू. खडूच्या रेषा, दोऱ्यांच्या गाठी, टाक्यांच्या रांगा. मास्तर कितीही गर्विष्ठ असोत, आतल्या अंगालाही दोरा रंगाचाच वापरतात. निळ्या दोऱ्याचा कालवा होता. हिरव्या दोऱ्याची बाग डावीकडे होती. आणि उजवीकडे, जिथं असायला हवा तिथंच, लाल दोऱ्याचा एक चौकोन.

“हीच बाजू लावायची,” बाई म्हणाल्या.

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. बाई आपली चोर म्हणून बदनामी करतील, याची तयारी त्यांनी केली होती. पण आपल्या कामाची उलट बाजू अख्ख्या वस्तीपुढे टांगायची, हे त्यांच्या कल्पनेत बसत नव्हतं.

“आणि तुम्ही शेजारी उभे राहायचं,” बाई म्हणाल्या.

७

मैदान भरलं होतं. धाकट्याने शेवटपर्यंत तोंड फुगवलं होतं, पण खांबांना दोऱ्या त्यानेच बांधल्या.

बाईंनी हसऱ्यांचं नाव घेतलं तेव्हा टाळ्या पडल्या. त्यांनी चोरी केली नाही, असं म्हणाल्यावर टाळ्या अर्ध्यात थांबल्या. मला तर लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकल्यासारखं झालं. हसरे समोरच बसले होते आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना हसावं की नाही हे कळत नव्हतं.

मग मास्तर पुढे आले. घसा खाकरला.

“कापडाचा...” ते म्हणाले, आणि थांबले. मागे दोऱ्यांच्या गाठी वाऱ्यावर हलत होत्या. मास्तरांनी एकदा मागे वळून पाहिलं. “कापडाचा दोष नाही. कागद चांगला होता. चूक माझी आहे.”

एवढं बोलून ते खाली उतरले आणि सरळ दुकानात जाऊन बसले. ज्यांचे खांदे, पाय आणि पाठी त्यांनी आजवर वाकड्या ठरवल्या, त्यांतले कित्येक जण त्या वेळी ताठ झालेले मी पाहिले. हे मात्र मी जरा वाढवून सांगतोय.

गोदामाच्या काठाला समाधान वाटलं. बेकरीचा काठ उठून उभा राहिला. पाववाल्याने विचारलं, म्हणजे आम्हाला दाखवून काढून घेता का. त्याच्यामागे दहा जण बोलू लागले. आमच्या बायका काय पूल ओलांडून जाणार, रात्री काय करायचं, पावसात काय करायचं. बाईंनी समजावलं, पुन्हा समजावलं. महिनोन्महिने जे समजावत आल्या होत्या तेच. आणि मग त्यांचा बांध फुटला.

“हाच पूल ओलांडून तुम्ही रोज पत्ते खेळायला जाता. मुलींच्या घरी जाता, भांडायला जाता. दवाखान्याला जायचं म्हटलं की तो लांब होतो? अरे, मी तुमच्या बायकांना शहराच्या टोकापर्यंत बसमधून नेलंय. माझ्या मांडीवर मूल गेलंय. आणि तुम्ही मला विचारता, ठिगळ डावीकडे का उजवीकडे. नका देऊ मत. पण हा प्रश्न मला परत विचारू नका.”

त्यांनी माईक टेबलावर ठेवला. सभा तिथंच संपली.

८

बाई पडल्या. फार नाही, थोडक्यात. बेकरीच्या काठाने त्यांना जवळजवळ एकही मत दिलं नाही. हसऱ्यांची मिरवणूक आमच्या दारावरून गेली आणि ते वहिनींकडे बघून विशेष हसले, कारण त्यांना चोरीच्या आळातून सोडवलं ते वहिनींनीच.

मी वहिनींना म्हणालो, असला तपास लावण्यापेक्षा न लावलेला बरा होता. सगळी वस्ती एका माणसासारखी बाईंच्या मागे उभी होती, ती तुम्ही खरं शोधून पांगवलीत. वहिनी म्हणाल्या, खोट्यावर उभी होती. मी म्हणालो, उभी तर होती. त्यावर आम्ही दोन दिवस बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी वहिनी मला घेऊन बाईंच्या घरी गेल्या, नुसतं बसायला. बाई पाय गरम पाण्यात सोडून बसल्या होत्या. धाकटा उरलेली पत्रकं बांधत होता.  तेवढ्यात दार वाजलं.

दारात पाववाला. मागे त्याची सून, पोट बरंच पुढं आलेलं, आणि बेकरीच्या काठाची वीसपंचवीस माणसं. पाववाल्याने पायातल्या चपला उगाचच नीट केल्या आणि विचारलं, बाई, दवाखान्याचं पुढं काय करायचं.

बाईंना वाटलं तो चेष्टा करतोय.

“मला मत दिलंत का?”

“नाही,” पाववाला म्हणाला. “राग तुमच्यावर होता ना, बाई. दवाखान्यावर नव्हता.”

यानंतर बाई जे बोलल्या ते मला इथं लिहिता येणार नाही. इतकी वर्षं बाळंतिणींकडून ऐकलेलं सगळं त्यांनी त्या दिवशी वापरलं. पाववाला मान खाली घालून ऐकत होता. सून मात्र हसायला लागली. बाईंनी दार धाडकन लावून घेतलं. आत येऊन पाय पुसले. धाकट्याने विचारलं, ताई, कुठं निघालीस. त्या चपला शोधत होत्या.

“हसऱ्याकडे. गोदामाची किल्ली मागायला.”

आम्ही सगळे निघालो. पुलावर पोचलो तर समोरून सायकलवाला त्याच्या काठाची माणसं घेऊन बाईंच्याच घराकडे येत होता, हेच विचारायला. दोन्ही घोळके पुलाच्या मधोमध समोरासमोर आले. आणि तिथं भांडण लागलं, की बाईंच्या बरोबर पुढं कुणी चालायचं. आम्ही मतं दिली, सायकलवाला म्हणाला. आमच्यात बाळंतीण आहे, पाववाला म्हणाला. वहिनी कठड्याला टेकून उभ्या राहिल्या.

बाईंनी दोन्हीकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावरची शीर मला लांबून दिसत होती. मग त्या सुनेचा हात धरून त्या गर्दीतून पुढं निघून गेल्या, आणि मागे वळून न बघताही त्यांना ऐकू येत असणार, की सगळे भांडत भांडत त्यांच्या मागून येतायत.